मुलींना असत्य ओळखायला शिकवायचं कसं? (किशोरी गट, वय १३ ते १७)

दोर्कस:
आमच्या मंडळीत रविवार शाळेचा मोठ्या मुलींचा गट माझ्याकडे असतो. या वर्षी नेहमीचे पाठ बाजूला ठेवून एकच विषय घ्यायचं ठरवलंय: मनात ठाण मांडून बसलेली असत्यं ओळखणं आणि विश्वासाच्या आधारे त्यांना तोंड देणं. सुरुवात म्हणून मुलींना नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. ‘चारचौघांत बोलणार नाही, पण आतून मला हेच खरं वाटतं’ असं काहीही.

काही चिठ्ठ्या (शब्द बदलून देतेय): ‘मी सुंदर असते तर सगळं सोपं झालं असतं.’ ‘देव माझ्यावर नाराज आहे म्हणून आई बरी होत नाही.’ ‘प्रार्थना करूनही भीती जात नाही, म्हणजे माझा विश्वास खोटाच.’ ‘बाकी सगळ्यांचं छान चाललंय.’ आणि ही एक: ‘देवाला सगळ्यांवर प्रेम करावंच लागतं, म्हणून तो माझ्यावरही करतो.’

उत्पत्तीच्या (बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या) तिसऱ्या अध्यायापासून सुरू करणार आहे. सर्प पहिल्या वाक्यात काहीच नाकारत नाही, नुसतं विचारतो. विचारता विचारता एका झाडाची मनाई सगळ्या झाडांवर पसरवतो. हव्वा त्याला दुरुस्त करते, पण तिच्याही उत्तरात ‘स्पर्श करू नका’ एवढं जास्तीचं शिरतं. दुसऱ्या अध्यायातल्या आज्ञेत ते नाही. मग येतो उघड नकार, की तुम्ही मरणार नाही. आणि त्याच्या पाठोपाठ खरा घाव: देव तुमच्यापासून काहीतरी चांगलं राखून ठेवतोय. म्हणजे असत्य फळाबद्दल कमी आणि देवाच्या मनाबद्दल जास्त. वरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचा, बहुतेकींचं मूळ तिथेच सापडतं.

अडचण पुढे आहे. वचन सांगितलं की मुली माना डोलावतात, ‘हो ताई’ म्हणतात आणि तेच ओझं घेऊन घरी जातात. तुम्ही काय करता?

मोहरीचा_दाणा:
वाचतोय. घरात चौदा वर्षांची मुलगी आहे.

एस्तेरची_आई:
आम्ही घरी वचनं पाठ करून घेतो. सौंदर्यासाठी स्तोत्र १३९, भीतीसाठी फिलिप्पैकरांस ४:६, भविष्यासाठी यिर्मया २९:११. आरशाला, फ्रिजला, अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलेली आहेत. मन भरकटलं की मोठ्याने म्हणायचं. येशूनेही अरण्यात ‘असा शास्त्रलेख आहे’ म्हणूनच सैतानाला परतवलं ना? फार खोलात जायची गरज नाही असं माझं मत.

बिरुयाकर:
एस्तेरची_आई, पाठांतराला माझा विरोध नाही, पण हा प्रसंग जिथे आहे तो मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय नीट पाहा. तिथे वचन पाठ असणारा एकटा येशू नाही. दुसऱ्या परीक्षेत सैतानही स्तोत्र ९१ म्हणतो, आणि त्यातले शब्द खरेच आहेत! वापर खोटा आहे. भरवशाचं स्तोत्र तो देवाला पेचात पकडायला वापरतो. आणि येशूची तिन्ही उत्तरं ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, म्हणजे इस्राएल लोकांना अरण्यात भूक, पाणी आणि निष्ठा यांवरून जे शिकायला मिळालं त्या भागातली. स्वतः अरण्यात उपाशी असताना त्याने बरोबर तोच भाग धरला. त्याच्या जवळ सुटं वाक्य नव्हतं, अख्खा प्रसंग होता.

आता तुमचं यिर्मया २९:११. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे मुली परीक्षेच्या आदल्या रात्री स्टेटसला ठेवतात. निकाल वाईट लागला की त्यांच्या लेखी देव खोटा ठरतो, नाहीतर त्या स्वतः नकोशा ठरतात. पण ते पत्र आहे बाबेलात (बॅबिलोनात) बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना. आदल्याच ओवीत सत्तर वर्षं सांगितली आहेत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. त्याच्याही आधी, आठव्या-नवव्या ओवीत, खोट्या संदेष्ट्यांना भुलू नका असं बजावलंय. अठ्ठाविसाव्या अध्यायातला हनन्या नेमकं उलटं सांगत होता: दोन वर्षांत सगळं पूर्वीसारखं होईल. लोकांना कोण आवडला असेल ते सांगायला नको. थोडक्यात, जी ओवी आपण लवकर सुटका होईल म्हणून चिकटवतो, ती लवकर सुटकेचं खोटं आश्वासन मोडून काढणाऱ्या पत्रातली आहे. घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित चिंता, मी तिथेही तुमचाच आहे, असं ते पत्र आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कळतं. उगाच लहान समजू नका त्यांना.

फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तेच. ‘मला सर्व काही शक्य आहे’ हे बेड्यांत असलेला पौल लिहितोय, भूक आणि विपुलता दोन्हींत राहायला शिकलो हे सांगताना. पहिल्या क्रमांकाशी त्याचा संबंध नाही.

एस्तेरची_आई:
हनन्याचा संदर्भ माहीत नव्हता, आज वाचते. पण दादा, लहानपणी पाठ असलेलं संकटात आठवतं हेही खरं आहे. संदर्भ नंतर कळला तरी चालतो.

बिरुयाकर:
मान्य. पाठ करायचंच असेल तर ओवी नको, अख्खा परिच्छेद करा. स्तोत्र १३ केवढंसं आहे.

निनवेकर:
मी अशाच एका गटातून मोठी झाले, आता कॉलेजात आहे. थोडं कडू लिहिणार आहे, काकू-ताईंनी रागावू नये.

सगळी असत्यं ‘जगातून’ येतात असं धरून चालू नका. माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेलं असत्य एका तरुण शिबिरातून आलं. पावित्र्यावरचं प्रवचन होतं. एक पांढराशुभ्र रुमाल मुलांच्या रांगेतून हातोहात फिरवला आणि शेवटी तो मळका रुमाल वर धरून विचारलं, आता हा कोणाला हवाय? हसले सगळे. माझ्या शेजारी बसलेली मुलगी हसली नाही. तिच्या नात्यातल्या एका माणसाने तिच्याशी काय केलं होतं ते तिने मला कितीतरी नंतर सांगितलं. त्या दिवशी ती एवढंच शिकली की देवाच्या घरात आपण मळका रुमाल आहोत. नंतर तिच्यासाठी कोणी कितीही वचनं वाचली तरी तिला तो रुमालच दिसायचा.

शुद्धतेबद्दल शिकवू नका असं म्हणत नाही. पण मत्तयाच्या पहिल्याच पानावर येशूच्या वंशावळीत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, उरीयाची बायको आहे. शोमरोनी बाईचे पाच नवरे होऊन गेले होते, आता सोबत असलेला सहावा तिचा नवराच नव्हता. ‘मीच मशीहा आहे’ हे येशू तिला तोंडावर सांगतो. आणि अनुवाद २२:२६ मध्ये तर जबरदस्ती झालेल्या मुलीबद्दल स्पष्ट आहे, मुलीला काही करू नये, तिचा अपराध नाही. हे वाक्य मी एकाही व्यासपीठावरून ऐकलेलं नाही.

शांत_पाणी:
निनवेकर, तुमच्या मैत्रिणीला आधार मिळाला असेल अशी आशा आहे. या निमित्ताने गट घेणाऱ्या सगळ्यांसाठी एक गोष्ट, मी समुपदेशक म्हणून सांगते. चिठ्ठ्या लिहून घेण्याआधीच मुलींना सांगून ठेवा की कोणी तुम्हाला इजा करत असेल, किंवा तुम्हीच स्वतःला इजा करत असाल, तर ते मी गुपित ठेवणार नाही. मदत करू शकेल अशा माणसापर्यंत नेईन. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊन बसलात तर नंतर तुमचेच हात बांधले जातात. आणि अत्याचाराची गोष्ट मंडळीतल्या मंडळीत ‘क्षमा कर’ म्हणून मिटवायची नसते. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा खुद्द येशूची आहे.

दुसरं, असत्य आणि आजार यांत गल्लत नको. सतत रडू येणं, झोप उडणं, जेवण तुटणं, जगण्यात अर्थ नाही असं वाटणं, हे दोन-तीन आठवडे चाललं असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. जीव द्यावासा वाटतो असं मुलगी बोलली तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटं सोडू नका. अशा मुलीला ‘हे सैतानाचं असत्य आहे, नाकार’ म्हटलं की तिच्या यादीत एक अपयश वाढतं: मला नाकारताही येत नाही. १ राजे १९ पाहा. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडुपाखाली मरण मागतोय. देवदूत प्रवचन देत नाही. भाकर देतो, पाणी देतो, परत झोपू देतो, परत उठवून खायला घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याच्या खूप नंतर, होरेब डोंगरावर पोहोचल्यावर.

आणखी एक, जे आपल्यातच घडतं. उपवास. जेवण टाळणाऱ्या मुलींना उपवास हे उत्तम पांघरूण असतं, कारण घरचे कौतुक करतात. वजन झरझर उतरत असेल, जेवणाच्या वेळी कारणं निघत असतील, तर उपवास-प्रार्थनेचं आवाहन त्या मुलीला लागू नाही असं पाळकांनीच तिला सांगावं. तिला ते पाळकांच्या तोंडून ऐकायला लागतं.

जैतून:
‘खऱ्या विश्वासणाऱ्याला नैराश्य येत नाही’ याला उत्तर म्हणून मी चार्ल्स स्पर्जन यांचं उदाहरण देते. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे इतके नावाजलेले उपदेशक. १८५६ मध्ये त्यांच्या सभेत कोणीतरी आग लागल्याची हूल उठवली, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. ते तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. त्यानंतर नैराश्याने त्यांची पाठ सोडली नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर त्यावर मुद्दाम बोलले. मुलींना हे सांगितलं की खोलीतली हवाच बदलते.

‘आई बरी होत नाही’ वाल्या चिठ्ठीला मी २ तीमथ्य ४:२० दाखवेन. सोबतीला असलेला त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत गावी ठेवून आलो, असं पौल लिहितो. पौल! ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी लोक बरे होत होते. तीमथ्याच्या पोटाची तक्रारही प्रार्थनेने गेली असं कुठे लिहिलेलं नाही. आणि योहान ९ मधला जन्मांध माणसाबद्दलचा प्रश्न, पाप कोणाचं? कोणाचंही नाही, हे उत्तर येशूचं.

थोमाची_बहीण:
चर्चा चांगली चाललीय, पण माझी शंका कोणीच विचारत नाहीये. असत्य ठरवणार कोण? मी चौदा वर्षांची असताना विचारलं होतं, निरपराध लेकरं का मरतात? उत्तर मिळालं, असे विचार सैतान घालतो. प्रश्न तिथेच मिटला आणि पुढची काही वर्षं विश्वासही. ‘असत्य ओळखा’ हा विषय हातात आला की प्रत्येक अवघड प्रश्नावर तोच शिक्का मारायचा मोह होतो.

दोर्कस:
थोमाची_बहीण, हे लिहिलंत ते बरं झालं. शंका आणि असत्य वेगवेगळं शिकवायला हवं. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? यापेक्षा मोठी शंका कोणती! येशू त्याला काय घडतंय ते कळवतो, आणि निरोप्ये गेल्यावर लोकांसमोर त्याची स्तुती करतो. मत्तय ११. पुन्हा उठलेला येशू शिष्यांना दिसला त्या पहिल्या रविवारी थोमाही नव्हता, नंतर ऐकूनही मानत नव्हता, तरी आठ दिवसांनी तो बाकीच्या शिष्यांसोबत त्याच घरात आहे. त्याला कोणी बाहेर काढलं नव्हतं. यहूदाच्या पत्रात तर संशयात असलेल्यांवर दया करा असं सरळ लिहिलंय.

मी फरक असा धरते: शंकेला उत्तर हवं असतं. असत्य उत्तर घेऊनच आलेलं असतं.

पाळकीणबाई:
सगळ्यांचं वाचलं. मायेने बोलताय ते ठीक, पण माझ्या जुन्या वळणाला एक काळजी वाटते. काही गोष्टी निखालस खोट्या आहेत आणि त्या खोट्या म्हणायला आपण कचरू नये. आमच्या मुली मोबाइलवर राशिभविष्याचे रील पाहतात, टॅरो पाहतात, ‘विश्वाकडे मागा, मिळेल’ यावर वह्या भरतात. घड्याळात ११:११ दिसलं की ‘एंजल नंबर’ म्हणून इच्छा मागतात. नावात देवदूत आहे, म्हणून घरच्यांनाही खटकत नाही! पवित्र शास्त्रातले देवदूत निरोप घेऊन येतात, आकडे दाखवून इच्छा पुऱ्या करत नाहीत, आणि ते आले की बहुतेक वेळा आधी ‘भिऊ नको’ म्हणावं लागतं. शकुन-मुहूर्त पाहण्याबद्दल अनुवाद १८ पुरेसं स्पष्ट आहे.

आणि ‘तुझ्या मनाला वाटतं तेच खरं’. यिर्मया १७:९ वाचा, हृदय सर्वांत कपटी. मन सांगेल तिकडे जायचं असेल तर चिठ्ठीतल्या ‘मी नकोशी आहे’लाही खरंच म्हणावं लागेल, तेही मनच सांगतंय.

निनवेकर:
काकू, शेवटचा मुद्दा पटला. असा विचार केला नव्हता. पण मग ते येशूच्या चित्राचे फॉरवर्ड? ‘दहा जणांना पाठवा, आज रात्री चमत्कार होईल, दुर्लक्ष केलं तर देव तुमच्याकडे दुर्लक्ष करेल.’ हे मला महिला मंडळाच्या ग्रुपवरून येतात, टॅरोवाल्यांकडून नाही.

पाळकीणबाई:
तेही खोटंच. ग्रुपवर सांगते.

वसईची_नव्हे_तरी_कॅथलिक:
धर्मशिक्षणाच्या वर्गात मी सुसन्नेची गोष्ट घेते. आमच्या बायबलमध्ये दानीएल १३ आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बायबलमध्ये नसेल. दोन वडीलधारे तिला धमकावतात, ती नमत नाही, तर तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतात. मानाची माणसं, त्यामुळे सभा त्यांचंच ऐकते. तरुण दानीएल दोघांना वेगळं करून एवढंच विचारतो, कोणत्या झाडाखाली पाहिलंत? दोघांची झाडं वेगवेगळी निघतात. मुलींना मी सांगते, मनातल्या आरोपालाही असंच विचारा. ‘मी वाईट आहे.’ कधी? काय केलं? कोणाला दुखावलं? नेमकं उत्तर आलं तर पश्चात्ताप करता येतो, पापस्वीकार करता येतो, माफी मागता येते. काहीच नेमकं सापडलं नाही, नुसतं ‘तू अशीच आहेस’ एवढंच उरलं, तर आवाज कोणाचा ते ओळखा. प्रकटीकरण १२:१० मध्ये सैतानाला बंधूंना दोष देणारा म्हटलंय, रात्रंदिवस.

बिरुयाकर:
फारच सुंदर. येशूला नाकारणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहूदा इस्कर्योत यांच्यातही हेच दिसतं. दोघांनाही पस्तावा झाला. एक रडला पण बाकीच्यांत राहिला, दुसरा एकटा निघून गेला आणि त्याने जीव दिला.

शांत_पाणी:
बिरुयाकर, हे खरं असलं तरी यहूदाचं उदाहरण किशोरी गटात जपून. कोणाच्या घरात आत्महत्या झालेली असू शकते, आणि मुलगी वेगळाच निष्कर्ष काढून जाते.

बिरुयाकर:
बरोबर. गटात पेत्रच पुरे.

मोहरीचा_दाणा:
बापाने काय करायचं ते कोणी सांगेल का? दार लावून बसते. काही विचारलं की ‘काही नाही’.

एस्तेरची_आई:
दादा, समोरासमोर बसवून विचारू नका. बरोबर काहीतरी काम करताना, गाडीत, चालताना मुली बोलतात. बोलली की लगेच वचन सांगू नका (हे मी या धाग्यात शिकतेय 🙂). आधी ‘असं कधीपासून वाटतंय?’ एवढंच विचारा. आणि घरात रंगावर, वजनावर, केसांवर बोलणारे नातेवाईक असतील तर त्यांना तिच्यासमोर थांबवा. नंतर खोलीत जाऊन ‘मनावर घेऊ नको’ म्हटल्याचा उपयोग नसतो. परमेश्वर हृदय पाहतो हे तिला शमुवेलाच्या पुस्तकातून कळायच्या आधी बाप काय पाहतो ते कळतं.

निनवेकर:
+१. माझ्या बाबांनी एकदा आत्याला जेवणाच्या ताटावरच थांबवलं होतं. मला अजून आठवतं.

मोहरीचा_दाणा:
जमेल हे. धन्यवाद वहिनी.

दोर्कस:
सगळ्यांच्या मदतीने आराखडा बदललाय. एका वेळी एकच चिठ्ठी. आधी त्यावर दानीएलचे प्रश्न: हे कोण म्हणालं, कधी, कशावरून. मग एखादा पूर्ण अध्याय, ओवी नाही. ‘देवाला प्रेम करावंच लागतं’ या चिठ्ठीसाठी उत्पत्ती १६ घेतेय. हागार दासी आहे, परकी आहे, पळून आलेली आहे, तिचा शोध घेण्याची कोणावर सक्ती नाही. तिची मालकीण साराय आणि अब्राम तिला ‘दासी’च म्हणतात, परमेश्वराचा दूत तिला नावाने हाक मारतो. आणि देवाला नाव देणारी ती आहे, मला पाहणारा देव. प्रवचन करायचं नाही असं ठरवलंय, वाचून मुलींनाच विचारायचं की देव तिच्यामागे का गेला असेल.

शेवटी प्रत्येकीने स्तोत्र १३ च्या धर्तीवर स्वतःचं स्तोत्र लिहायचं. त्यात ‘किती वेळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो, भरवसा नंतर. मुलींनी तक्रारीपाशीच थांबवलं तरी मी ‘आता शेवट आनंदी कर’ म्हणणार नाही. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, आणि तेही शास्त्रातच आहे.

थोमाची_बहीण:
मुलींनी अवघड प्रश्न विचारला आणि तुम्हाला उत्तर आलं नाही तर?

दोर्कस:
तर ‘मला माहीत नाही, शोधूया’ म्हणेन आणि वहीत लिहून ठेवेन. वही मुलींच्याच ताब्यात. उत्तर आणलं नाही तर त्या मला सोडणार नाहीत.

जैतून:
उत्पत्ती १६ सोबत २१ वा अध्यायही ठेवा. हागार दुसऱ्यांदा अरण्यात जाते तेव्हा देव मुलाचं रडणं ऐकतो. मोठ्या मुली तो प्रश्न काढतीलच, की मग पहिल्यांदा तिला परत का पाठवलं? तयारी करून जा.

दोर्कस:
अरे हो, तो प्रश्न नक्की येणार. वहीत पहिला हाच लिहिते.

मोहरीचा_दाणा:
मुलग्यांच्या गटासाठी असं कोणी काही करतं का? धाकटा बाराचा आहे.

बिरुयाकर:
वेगळा धागा काढा दादा, मी येतो तिकडे.